मांडीवरची पट्टी

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट सुषमाच्या कानावर जाता कामा नये. मुजावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे झालं ते तुमच्या तोंडानं बोलून ठेवा, यंत्र बनवणाऱ्यांना ऐकवायला पाहिजे, नाव कुठं येणार नाही. म्हणून बोलतेय. सुषमा मेथी आणायला गेलीय आणि भाजीवालीशी भांडल्याशिवाय ती काही परत येत नाही. तेवढा वेळ माझा.

सुषमा माझी धाकटी जाऊ. मी उज्ज्वला. मिरजेत इस्पितळाच्या मागच्या गल्लीत आमची दोघींची खानावळ आहे. एकीचा नवरा देवाघरी गेला, एकीचा दुबईला. परत दोघंही आले नाहीत. मग दोघींनी चूल एक केली आणि तेव्हापासून रोज भांडतोय. भांडतानाही सुषमा मला ‘तुम्ही’च म्हणते. "अक्का, तुम्हाला अक्कल आहे का?" असं. माणूस कसं मर्यादेत शिव्या देतं ते तिच्याकडून शिकावं.

खानावळीत जेवायला येतात ती पेशंटची माणसं. कुणी जमखंडीहून, कुणी कुडाळहून, कुणी जतकडून. पेशंट आत खाटेवर आणि ही बाहेर महिना-महिना. आमची भाकरी खाऊन धीर धरतात. भाकरी मी थापायची, कालवण सुषमाचं. माझे दंड बघून गिऱ्हाईकं म्हणायची, मावशी, तुम्ही कुस्ती का नाही खेळला?

त्याच भाकऱ्यांना मागच्या वर्षी चिरा पडायला लागल्या. कडेनं फाटायच्या, तव्यावर टाकताना मोडायच्या. मी सुषमावर खेकसले, "जुनं पीठ आणलंस, विरी गेलीय त्याची, चिकटपणाच उरला नाही." ती म्हणाली, "पिठाला नावं ठेवू नका, मळायचा कंटाळा करालाय तुम्ही." गिरणीवाल्याला शिव्या घालून झाल्या, ज्वारी बदलून झाली, चिरा काही जाईनात. पीठ चांगलं होतं. रगडायला तळहातात जोर उरला नव्हता. पण वजनकाट्यावर मी तेवढीच भरत होते, उलट थोडी जास्तच. मग कोण कशाला काळजी करतंय?

पुढं रक्त पडायला लागलं तेव्हा तपासलं. मोठ्या आतड्यात गाठ.

मुजावर डॉक्टरीणबाई मिरजेच्याच. कॉलेजात असताना आमच्याकडचं पिठलं खाल्लेल्या. त्यांनी माझी मांडी दाबून बघितली, मग पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. म्हणाल्या, "मावशी, वजनकाटा तुम्हाला फसवतोय. मांस गेलंय, त्या जागी पाणी आणि चरबी आलीय."

मी म्हटलं, "गाठ खाते म्हणायची माझं जेवण."

"तिनं नुसतं जेवण खाल्लं असतं तर मी तुम्हाला दुप्पट जेवा म्हटलं असतं आणि विषय संपला असता. ती गाठ रक्तात निरोप सोडते. मेंदूला सांगते, भूक नाही. स्नायूंना सांगते, तुम्ही स्वतःला मोडा आणि शरीराला पुरवा. म्हणजे मुदपाकखान्यात शिरून कुणीतरी ओरडावं की सरपण संपलं, आता घराचे वासे तोडून चूल पेटवा. घर बाहेरून दिसतं तसंच. वासे जातात."

मला ते लगेच कळलं. डॉक्टरांनी चुलीच्या भाषेत बोलावं, सगळं कळतं.

ऑपरेशन करून गाठ काढता येईल, बाई म्हणाल्या, पण आधी औषध देऊन ती आकसवायची आणि तेवढ्या काळात माझं मांस टिकवायचं. मांस नसलेल्या माणसाचं आतडं कापून शिवलं तर टाके धरत नाहीत, जखम भरत नाही, माणूस खाटेवरून उठत नाही. म्हणून हल्ली ही पट्टी निघालीय. मांडीला बांधायची. आतून आवाजाच्या लाटा सोडते आणि स्नायू किती जाड, त्यात किती दम, पोटात अन्न पडलंय की नाही, सगळं बघते. फोनवर हिरवा पट्टा दिसतो आणि खाली एक तांबडी रेघ.

"पट्टा रेघेखाली गेला तर?" सुषमानं विचारलं.

"तर ऑपरेशन थांबवू," बाई म्हणाल्या.

सुषमानं माझ्याकडं बघितलं आणि मी तिच्याकडं. रेघ आम्हाला ठाऊक होती. खानावळीत सगळे रेघेचंच बोलायचे. त्या कुडाळच्या बाईच्या नवऱ्याचा पट्टा रेघेखाली गेला आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट बंद झालं. जमखंडीच्या म्हाताऱ्याचा पोरगा, तसाच. आज रेघेखाली, उद्या पाट रिकामा. परत कधी कुणी जेवायला आलेलं आम्ही बघितलं नाही. आम्ही दोघी इस्पितळ ओळखतो ते ताटांवरून. रेघेखाली म्हणजे घरी जा आणि मर, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग माझ्या खांद्याखाली कातडीत एक डबी बसवली आणि तिला कमरेचा पंप जोडला. औषध घरच्या घरी, थेंबथेंब. हे चाललं होतं तेव्हा सुषमा बाहेर कँटीनवाल्याला चहा कसा करावा ते शिकवत होती. म्हणून पंपाचं बोलणं तिनं ऐकलं नाही. बाई मला म्हणाल्या, "पूर्वी उंची आणि वजन बघून डोस ठरवायचो. पण हे औषध मुरतं मांसात. मांस कमी असेल तर तेवढंच औषध रक्तात साचतं आणि विष होतं. म्हणून हा पंप तुमच्या पट्टीला विचारतो, मांस किती, आणि त्या मापानं सोडतो. एकदम सुरक्षित."

मी आपली मान हलवली. सुईकडं बघत होते, लक्ष कुठलं?

घरी आल्यावर सुषमानं पदर खोचला. पेशंट म्हणजे पथ्य, हे तिच्या रक्तातच. मऊभात, पेज, ताकाची निवळी, मेतकूट. आठवडाभर मी तेच गिळलं. डॉक्टरीणबाईंनी फोनच्या पडद्यावर तोंड दाखवलं आणि कडाडल्या, "काय भरवताय? पेज? पेजेनं मांस होतं का? अंडी द्या, डाळ द्या, मटण द्या, पनीर द्या, दर दोन तासांनी द्या."

सुषमाला ते लागलं. इतकी वर्षं गल्लीतल्या सगळ्या पेशंटांना मऊभाताचे डबे दिलेली बाई. पण तिनं एका दिवसात स्वयंपाक फिरवला. उकडलेली अंडी कुस्करून कण्यांमध्ये, शेंगदाण्याचं कूट दुधात, खिम्यात हरभऱ्याची डाळ. मला वासानंच ढवळायचं. तुपाचा वास आला की मी भिंतीकडं तोंड करायची आणि ती वाटी घेऊन दुसऱ्या बाजूनं यायची.

"खा."

"जात नाही गं."

"मग मी काय शेजारच्या म्हशीला घालू? आ करा."

आणि त्याच आठवड्यात ती वाडीला जाऊन आली. नृसिंहवाडीच्या दत्तापुढं उभी राहून बोलली, अक्काचं ऑपरेशन होईपर्यंत एकवेळ जेवीन, दिवे लागल्यावर. सकाळचा चहासुद्धा नाही. मी चिडले. म्हटलं, "माझं मांस वाढायला हवं म्हणून तू उपाशी? हा कुठला हिशेब?" तर म्हणते, "देवाचा हिशेब तुम्हाला कळणार नाही. तुम्ही खायचं काम करा."

पट्टी बांधायचं काम तिचंच. औषधानं मला दुपारी झापड यायची आणि माप घ्यायचं तेव्हाच, माणूस निवांत पडलेला असताना. मी उठेपर्यंत सुषमा पट्टी काढून, पुसून चार्जिंगला लावून मोकळी. फोन दाखवायची मला. आधी पट्टा घसरत होता. मग एक दिवस म्हणाली, "थांबला." मग हळूहळू वर चढायला लागला. काय आनंद झाला म्हणून सांगू! मी तिला म्हटलं, "तुझ्या खिम्याला यश आलं." ती हसली नाही. म्हणाली, "खावा म्हणजे झालं."

पण अंगात काही वेगळंच चाललं होतं. तोंड आतून सोललं. पाणी प्यायलं तरी मिरची लागल्यासारखं. हातापायाची कातडी निघायला लागली. जुलाब तर विचारू नका. न्हाणीतून उठताना सुषमानं काखेत हात घालायचा. तांब्या उचलवेना मला, तांब्या! आणि फोन बघावा तर पट्टा हिरवागार. डॉक्टरीणबाई पडद्यावरून म्हणायच्या, "मावशी, शाब्बास. मांस छान टिकलंय, म्हणजे औषध सोसतंय. थोडा त्रास होणारच."

मग मलाच वाटायला लागलं की मी नाटक करतेय. यंत्र म्हणतंय दम आहे आणि मी लोळतेय. ऐतखाऊ झालीस उज्ज्वला, असं स्वतःला म्हणायची. एकदा हट्टानं परातीपुढं बसले. पीठ रगडायला तळहात टेकवला आणि मी पुढं परातीतच पडले. सुषमानं मला उचललं तेव्हा ती रडत होती. मला वाटलं, माझ्या कपाळाचं पीठ बघून रडतेय. आता कळतंय ती कशाला रडली.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. "मावशी, सकाळपासून काही खात नाही का तुम्ही?"

"न खायला सुषमा सोडते का? आत्ताच दोन अंडी झालीत."

"मग असं कसं? दुपारच्या मापाला तुमच्या स्नायूतली साखर पार तळाला गेलेली असते. रोज. सकाळपासून पोटात कण गेला नसला की दिसते तशी. आणि आता मांसही थोडं उतरायला लागलंय. खरं सांगा, कसला उपास धरलाय का?"

मी म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला.

दिवसभर पोटात कण न टाकणारं माणूस आमच्या घरात एकच होतं.

सुषमा आत भांडी विसळत होती. मी हाक मारली. ती हात पुसत आली.

"मांडी दाखव," मी म्हटलं.

"काय?"

"साडी वर कर आणि मांडी दाखव."

"अगं बाई, डोक्यात गेलं काय औषध? भरदिवसा..."

"सुषमा."

तिनं दाखवली नाही. खाली बसली आणि पदरात तोंड घातलं. मीच तिचं लुगडं गुडघ्यावर सरकवलं. मांडीवर पट्टीचा वळ होता, लालभडक, रोजचा. माझ्या मांडीवर तसला वळ कित्येक दिवसांत बघितल्याचं मला आठवेना.

"रेघेखाली गेला होता तुमचा पट्टा," ती पदराआडून बोलत होती. "तुम्ही झोपला होता. मी एकटीनंच बघितलं. तो कागद आला असता अक्का, घरी जा म्हणून. त्या कुडाळच्या बाईला आला तसा. मग माप बाईंकडं जायच्या आत मी पट्टी काढली आणि माझ्या मांडीला बांधली. आधी खाली, गुडघ्यापाशी, मांस बेताचं असतं तिथं. मग रोज बोटभर वर. एकदम वर नेली असती तर त्यांना कळलं असतं ना."

आमटीत पाणी वाढवताना गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून ती असंच करते, वाटीवाटीनं. पट्टी माणूस ओळखत नाही, मांस ओळखते. हे इतक्या शिकलेल्या लोकांच्या ध्यानात आलं नाही, सुषमाच्या आलं.

मला तिचं फार प्रेम आलं. भांडखोर, वाकड्या तोंडाची माझी जाऊ, माझ्यासाठी चोरून रोज दुपारी उपाशीपोटी पट्टी बांधून पडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि हात ठेवल्या ठेवल्या कमरेचा पंप टिक करून वाजला, औषधाचा थेंब सोडताना वाजतो तसा.

हा पंप तुमच्या पट्टीला विचारतो, मांस किती.

इतके दिवस तो सुषमाला विचारत होता. धडधाकट, जाडजूड सुषमाच्या मापाचं औषध माझ्या या पोखरलेल्या देहात ओतत होता. तोंड सोललं ते त्यानं. कातडी गेली ती त्यानं. आणि अन्न जात नव्हतं, जुलाबांनी अंग धुऊन निघत होतं, म्हणून मांस आणखी जात होतं, आणि पट्टी म्हणत होती सगळं छान.

"काय झालं?" सुषमानं विचारलं. "रागावलात?"

"छे," मी म्हटलं. "कळ आली. उद्या इस्पितळात जाऊ. तुझं नाव काढणार नाही मी."

तिला बाहेर बसवून मी एकटीच आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी पंप बंद केला. मग मला यंत्रात घालून पायापासून पोटापर्यंतचे फोटो काढले, रक्त काढलं. सगळं बघून झाल्यावर खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसल्या.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"नाही आता. मूत्रपिंडं थकलीत, आतड्याचं अस्तर गेलंय, रक्त तयार होत नाहीये. कापलं तर टेबलावरच जाल."

"रेघेखाली गेले होते तेव्हाच कळलं असतं तर? तेव्हाही घरीच पाठवलं असतं ना? मरायला?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला भीती वाटली. "कोण म्हणालं मरायला? रेघेखाली म्हणजे थांबायचं. औषध निम्मं करायचं, घरी जाऊन खायचं, चालायचं, पट्टा वर आला की परत यायचं. पुष्कळ जण येतात मावशी. ते जमखंडीचे आजोबा आठवतात? दिवाळीनंतर झालं त्यांचं ऑपरेशन. चांगले आहेत."

"पण जेवायला परत आलं नाही कुणी आमच्याकडं."

"ऑपरेशनवाल्यांच्या माणसांना आता वॉर्डातच जेवण मिळतं," बाई म्हणाल्या.

रिकामी ताटं मोजून आम्ही माणसं मेली म्हणून धरली होती आणि ती आपली गावी बसून अंडी खात होती. मला हसू आलं आणि मग रडूही आलं. जगायचं होतं हो मला. उगाच शूरपणा कशाला दाखवू? अजून खूप भाकऱ्या थापायच्या होत्या. खूप भांडायचं होतं.

डॉक्टरीणबाईही रडल्या. म्हणाल्या, "मी महिनाभर पडद्यावर तुमचा पट्टा बघत बसले. मधे एकदा, एकदाच परत तुमच्या मांडीला हात लावला असता तर कळलं असतं."

मी डोळे पुसले. म्हटलं, "झालं ते झालं. आता माझं ऐका. बाहेर बसलीय तिला पंपाचं सांगायचं नाही. तिला सांगा, रोग पसरला. नुसतं तेवढंच. तिनं मला मारलं असं तिला कळलं तर ती माझ्या मागोमाग येईल."

बाईंनी मान हलवली.

"आणि दुसरं. हिनं वाडीला नवस बोललाय, माझं ऑपरेशन होईपर्यंत एकवेळ जेवीन म्हणून. आता ऑपरेशन होणार नाही. म्हणजे ही जन्मभर एकवेळ जेवणार. मी ओळखते तिला. देवाला दिलेला शब्द ती मोडायची नाही, मोडा म्हणणाऱ्याचं डोकं फोडेल. तिचा पट्टा उतरायला लागलाय, तुम्हीच म्हणालात. मला एक ऑपरेशन पाहिजे."

त्यांना आधी कळेना. मग त्यांचं लक्ष माझ्या खांद्याखालच्या डबीकडं गेलं. पंप बंद झाला, आता ती डबी काढायची होतीच. नुसता लहानसा छेद. एरवी बसल्या जागी काढतात. पण बाईंनी रीतसर सगळं केलं. मला हिरवा झगा घातला, सुषमाची सही घेतली, स्ट्रेचरवर घालून दिव्याखाली नेलं, तेवढ्या जागेला भूल देऊन चिरलं आणि टाके घातले. बाहेर येऊन तोंडावरचा मास्क काढला आणि सुषमाला म्हणाल्या, "ऑपरेशन झालं."

रोग पसरल्याचं तिला त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. दिवसभर ती कुणाशी भांडली नव्हती, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला माझ्यापुढं पाटावर बसवलं. भाकरी तिनंच थापलेली, जरा वाकडीच. मी फक्त ताट वाढलं, एका हातानं दुसरा हात धरून.

"जेव."

"दिवे लागायचेत अजून."

"ऑपरेशन झालं माझं. सुटलीस तू. जेव."

"हे कसलं ऑपरेशन? ही तर डबी काढली."

"चिरलं का नाही? टाके घातले का नाही? सही कुणाची आहे कागदावर?"

"पण मी बोलले होते ते गाठीचं..."

"वाडीला उभी राहून गाठीचं म्हणालीस? मला सांगितलंस तेव्हा नुसतं ऑपरेशन म्हणालीस. आता देवाशी वाद घालतेस? त्याला दुसरी कामं नाहीत? जेव मुकाट्यानं, नाहीतर मी खात नाही."

हे तिच्या जिव्हारी लागलं. मला आता खाऊन काही व्हायचं नव्हतं, ते दोघींना माहीत होतं, तरी तिनं घाईघाईनं घास तोडला. खूप दिवसांनी सकाळचा पहिला घास. चावताना तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ती पदरानं पुसत नव्हती.

"अक्का," ती तोंडात घास असतानाच म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"तुमचं ऑपरेशन नाही झालं ते नाही झालं. पण माझ्या मांडीमुळं औषध तरी पुरतं मिळालं ना तुम्हाला? रेघेखाली दिसला असता पट्टा तर तेवढंही दिलं नसतं त्यांनी."

मी तिच्या ताटात पिठलं वाढलं. थोडं बाहेर सांडलं.

"मिळालं की," मी म्हटलं. "पुरतं मिळालं. खा."

तिनं मान डोलावली, नाक ओढलं आणि दुसरी भाकरी मागितली.